नाटकाला जायचंय, पण आत जायची सोय कुणी नीट सांगेल का? (ठाणे–नवी मुंबई)

सागरविहार (धागाकर्ता, वाशी)

मी व्हीलचेअर वापरतो. नाटक, गाण्याचे कार्यक्रम, प्रदर्शनं यांचं वेड अपघाताच्या आधीपासूनचं आहे आणि ते काही सुटलेलं नाही. धाग्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे वाशीचं विष्णुदास भावे आहे, ठाण्यात गडकरी रंगायतन आणि घोडबंदर रोडला घाणेकर नाट्यगृह आहे, वाशी स्टेशनजवळ सिडकोचं प्रदर्शन केंद्र, ऐरोलीत बाबासाहेबांचं स्मारक, आणि खाडीपलीकडे घारापुरी. अशा ठिकाणी जाण्याआधी अपंग माणसाला घरबसल्या काय कळायला हवं आणि ते सांगणार कोण, एवढंच इथे जमवायचं आहे.

मला तक्रारपेटी उघडायची नाही, म्हणून कुठल्या नाट्यगृहात काय झालं ते नावानिशी लिहीत नाही. बाकीच्यांनीही लिहू नये ही विनंती. अनुभव सगळीकडे सारखाच येतो. फोन केला की पलीकडून उत्तर येतं, "या हो, सगळी सोय आहे." सोय म्हणजे काय हे खोदून विचारलं की, "आमची पोरं आहेत ना, उचलून नेतील."

उचलून नेणं ही सोय नव्हे. खुर्चीचा हात धरून उचललं तर बऱ्याच खुर्च्यांचा तो हातच निघून येतो, कारण माणसाला बाजूने पलंगावर सरकता यावं म्हणून तो काढता येईल असाच बनवलेला असतो. हे पोरांना माहीत नसतं आणि त्यांनी तरी का माहीत करून घ्यावं?

त्यामुळे मी आता "सोय आहे का" असं विचारतच नाही. रस्त्यापासून तिकीटबारीपर्यंत पायऱ्या किती, दाराची मोकळी रुंदी किती, खुर्ची प्रेक्षागृहात नेमकी कुठे लावू देणार, तिथे सोबतच्या माणसाला शेजारी बसता येईल का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, असं एकेक विचारतो. किल्लीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तो ऐकला की पलीकडचा माणूस हमखास "थांबा हं, विचारून सांगतो" म्हणतो.

तुमचे प्रश्न सांगा. दृष्टी, श्रवण, स्वमग्नता, म्हातारपण, सगळंच चालेल.

नाट्यवेडी

चांगला धागा. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. ती स्वतःला अपंग म्हणवून घेणार नाही, पण बाल्कनीचं तिकीट मिळालं की नाटक नको म्हणते. ॲपवर "बाल्कनी" एवढंच लिहिलेलं असतं. जिना किती, कठडा दोन्ही बाजूंना आहे की एकाच, काही नाही. मराठी नाटकाचा रविवार दुपारचा प्रेक्षक बघा, निम्मे लोक कठडा शोधत असतात.

स्पष्टवक्ता

वाईट वाटून घेऊ नका, पण स्पष्ट विचारतो. एका प्रयोगाला असे किती लोक येतात? एखादा. त्याच्यासाठी खुर्च्या काढायच्या, रॅम्प बांधायचे, खर्च महापालिकेचा म्हणजे आपलाच. आधी फुटपाथ नीट करा, माणूस नाट्यगृहापर्यंत पोचू दे, मग आतलं बघू.

भूमितीवाला

स्पष्टवक्ते, एखादाच येतो कारण पायऱ्या आहेत. नदीला पूल नसताना रोज किती लोक पलीकडे जातात हे मोजून पूल बांधायचा की नाही ते ठरवत नाहीत.

मी आर्किटेक्ट आहे, नूतनीकरणाची कामं करतो. थोडं मोजमापाचं लिहितो, कारण "रॅम्प आहे" या दोन शब्दांत फार खपवलं जातं.

चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा हा ठरलेला नियम. म्हणजे उंची एक फूट असेल तर रॅम्पची लांबी बारा फूट. सहा इंचाच्या पाच पायऱ्या म्हणजे अडीच फूट उंची, त्याला तीस फूट रॅम्प लागतो. शिवाय सुरुवातीला आणि शेवटी वळायला सपाट जागा. ही तीस फुटांची जागा दर्शनी भागात कुणाला द्यायची नसते, म्हणून पायऱ्यांच्या कडेला सात-आठ फुटांचा सिमेंटचा उतार घालतात. त्यावरून स्कूटर चढते. माणूस स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलत चढू शकत नाही आणि उतरताना तर तोंडावर पडायची वेळ येते. कठडाही दोन उंचींवर हवा, साधारण ७६० आणि ९०० मिलिमीटर. खालचा खुर्चीवरच्या माणसाला आणि लहान मुलांना, वरचा नाट्यवेडींच्या आईंना.

प्रेक्षागृहात एका व्हीलचेअरला साधारण ९०० गुणिले १२०० मिलिमीटर मोकळी जागा लागते. रांगेच्या टोकाच्या दोन खुर्च्या काढल्या की झालं. अनेक ठिकाणी व्हीलचेअर मधल्या वाटेत उभी करतात. त्याला डोअरकीपर हरकत घेतो तेव्हा तो खडूस नसतो, बरोबर असतो. आग लागली तर ती सगळ्यांची बाहेर पडायची वाट आहे. म्हणून जागा रांगेतच हवी.

स्वच्छतागृहाचं म्हणाल तर दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं. आत उघडणारं दार असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच अंगामुळे दार उघडत नाही. आणि दाराबाहेर तो निळा खुर्चीचा फलक लावला की आत बादल्या, झाडू, तुटक्या खुर्च्या ठेवायच्या ही प्रथा कुणी पाडली कोण जाणे.

खर्चाचं म्हणाल तर, नवी इमारत आराखड्यापासून अशी केली तर वेगळा खर्च जवळपास दिसतच नाही. महाग पडतं ते नंतर फोडून करणं. म्हणून नूतनीकरण चालू असतानाच बोललं पाहिजे. फरशी बसल्यावर कुणी ऐकत नाही.

कळवा_खाडी

मी पूर्ण अंध आहे, बँकेत नोकरी करतो. टॉकबॅक (फोनच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) लावून हे लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्यासाठी अडचण दारात येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. नाटकाची जाहिरात व्हॉट्सॲपवर येते ती चित्र म्हणून. सुंदर अक्षरं, कलाकारांचे फोटो, तारीख, वेळ, सगळं त्या चित्रात. टॉकबॅक मला सांगतो, "फोटो". संपलं. त्याखाली नाटकाचं नाव, तारीख, वेळ आणि नाट्यगृह एवढी एक ओळ टाइप केली तरी पुरे. याला ना अनुदान लागतं ना ठराव. पुढे ॲपवर आसनांचा नकाशा असतो, त्यातली चौकोनी घरं कित्येकदा नुसती "बटण, बटण, बटण" अशी ऐकू येतात. मी कुठल्या रांगेतलं बटण दाबतोय ते कळत नाही, म्हणून तिकीट दुसऱ्याकडून काढून घ्यावं लागतं.

प्रवास त्या मानाने बरा. लोकलमध्ये आमचा डबा कुठे येणार ते सांगणारा बीप फलाटावर वाजतो. स्टेशनवर पायाखाली त्या उठावाच्या फरश्या लागतात. लांब रेघांची फरशी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे कड किंवा जिना आहे. जपानमध्ये सेइची मियाके नावाच्या माणसाने १९६५ मध्ये त्या शोधल्या, १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. आपल्याकडे कधीकधी त्या नुसत्या शोभेला बसवतात आणि रेघ थेट खांबावर नेऊन सोडतात. पिवळा रंग आम्हाला लागत नाही असं काहींना वाटतं. अंधूक दिसणाऱ्यांना तो रंगच लागतो, आणि तसे लोक माझ्यासारख्यांपेक्षा बरेच जास्त आहेत.

आता नाटक. लोक विचारतात, तुला काय कळतं? खूप कळतं, सिनेमापेक्षा जास्त. रंगमंचावरच्या आवाजाला जागा असते. कोण डावीकडून आलं, कोण मागे गेलं, कोण पाठ करून बोलतंय, बाई चिडून बसल्या की उभ्याच आहेत, सगळं आवाजावरून उमगतं. लाकडी फळ्यांवरची पावलं तर माझी फार लाडकी. पण कलाकारांच्या अंगावर माइक आले की सगळ्यांचा आवाज एकाच स्पीकरमधून येतो. नवरा, बायको, शेजारी, सगळे एका बिंदूतून बोलतात. तेव्हा मात्र मी हरवतो. ध्वनी सांभाळणाऱ्या मंडळींनी आवाजाला थोडी डावी-उजवी बाजू ठेवली तर माझ्यासारख्यांवर उपकार होतील, आणि डोळसांनाही ते कानाला बरंच वाटेल.

मुकं दृश्य आलं की भाचा कानात सांगतो आणि पुढच्या रांगेतून "शूऽऽ" येतं. त्यांचं चुकत नाही. त्यावर उपाय म्हणजे श्राव्य वर्णन. वर्णन करणारा वेगळ्या खोलीत बसतो, संवादांच्या मधल्या फटींत काय दिसतंय ते थोडक्यात सांगतो आणि ते फक्त माझ्या इअरफोनमध्ये येतं. चित्रपटगृहांसाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, श्राव्य वर्णन आणि मथळे (पडद्यावर लिहून येणारे संवाद) दोन्हींच्या. नाटक त्यात येत नाही.

आणि एक. प्रयोगाच्या आधी अर्धा तास रंगमंचावर फिरू दिलं, सोफा कुठे, जिना कुठे, खिडकी कुठे हे हात लावून बघू दिलं, तर नंतरचे अडीच तास कुणी काही सांगायची गरजच उरत नाही.

ऐरोली_७

कळवा_खाडी, हात लावून बघण्यावरून आठवलं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून "अनुभव" नावाचं दालन आहे, निवडक वस्तूंच्या प्रतिकृती हाताने चाचपून बघायच्या, सोबत ब्रेल. आपल्याकडे घारापुरीची सदाशिवाची मूर्ती जवळजवळ अठरा फूट उंच आहे. मूळ मूर्तीला हात लावता येणार नाही हे बरोबरच, पण तिची हातभर प्रतिकृती खाली धक्क्याजवळ ठेवली तर डोळसही तीन मुखं नीट समजून घेतील.

अवांतर: फ्लेमिंगोचा हंगाम असला की या. तळावे आणि नेरूळच्या पाणथळीत त्यांचा जो कलकलाट चालतो तो डोळे मिटूनच ऐकावा.

कळवा_खाडी

येतो. डोळे मिटायची अट मला सोपी आहे 😄

तिसरी घंटा

मी पंचवीसेक वर्षं नाटकाच्या व्यवस्थापनात आहे, दौरे, गाड्या, बुकिंग सगळं केलंय. आतली बाजू सांगतो म्हणजे फोनवर गोलमाल उत्तर का मिळतं ते कळेल.

नाट्यगृह महापालिकेचं असतं. त्या दिवसाचा प्रयोग निर्मात्याचा असतो, त्याने भाडं भरून तारीख घेतलेली असते. ऑनलाइन तिकीट विकणारी कंपनी तिसरी. वाहनतळ आणि उपाहारगृह चालवणारा ठेकेदार चौथा. आता तुम्ही विचारता, माझी खुर्ची कुठे लावू? नाट्यगृहाचा माणूस म्हणतो, तिकिटं निर्मात्याकडे. निर्मात्याचा माणूस म्हणतो, खुर्च्या काढणं आमच्या हातात नाही. ॲपवाल्याला तुम्ही गाठूच शकत नाही. चौघांपैकी कुणी खोटं बोलत नाही, पण तुमचं काम होत नाही.

त्यामुळे माझा सल्ला असा: प्लॅन उघडायच्या, म्हणजे तिकीटविक्री सुरू व्हायच्या, आधी पेपरातल्या जाहिरातीत जो नंबर असतो त्यावर फोन करा. तो बहुतेक वेळा प्रयोगाच्या व्यवस्थापकाचा असतो. त्याला सांगितलं की टोकाच्या दोन जागा तो राखून ठेवू शकतो. प्लॅन उघडल्यावर सांगितलंत तर त्या जागा आधीच गेलेल्या असतात आणि मग रसिकांना उठवायचं कोणी? प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या घंटेला येऊ नका, पहिल्या घंटेच्याही आधी या. अंधार झाल्यावर डोअरकीपरच्या हातात बॅटरी असते, दुसरं काही नसतं.

आणखी एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही. प्रेक्षकांचं बोललात, कलाकाराचं काय? नेपथ्याचा टेम्पो मागच्या दाराला लागतो म्हणून तिथला ओटा टेम्पोच्या फळीच्या उंचीचा बांधतात. सोफा, कपाट थेट आत सरकतं. माणूस मात्र बाजूच्या चिंचोळ्या जिन्याने चढतो. म्हणजे सेटमधली व्हीलचेअर रंगमंचावर आरामात जाते आणि व्हीलचेअरवरचा नट खालीच राहतो. रंगपट, म्हणजे मेकअपची खोली, बऱ्याच ठिकाणी वरच्या मजल्यावर. शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस घ्यायला चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीचं नाव पुकारतात, मग दोन शिपाई तिला उचलून वर नेतात आणि लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या मला कधी आवडल्या नाहीत. पाहुण्यांनी खाली उतरावं हे कुणाला सुचत नाही.

नाट्यवेडी

हे रंगपटाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शब्दांकन

माझा धाकटा भाऊ जन्मतः कर्णबधिर. सांकेतिक भाषा हीच त्याची पहिली भाषा, मराठी वाचतो पण सावकाश. त्यामुळे "मथळे लावा, झालं" एवढ्यावर त्याचं भागत नाही, त्याला दुभाषी हवा. आणि उलट, वय झाल्यावर ऐकू कमी आलेल्या आमच्या मामांना सांकेतिक भाषेतलं अक्षरही कळत नाही, त्यांना मथळे किंवा मोठा, स्वच्छ आवाज हवा. दोघांना एकाच खात्यात टाकू नका.

दुभाषी रंगमंचाच्या एका कडेला उभा असतो, त्याच्यावर प्रकाश हवा. ब्लॅकआऊट झाला की त्याचे हात दिसेनासे होतात, म्हणजे भावाच्या कानात बोळा घातल्यासारखं. म्हणून प्रकाशयोजनाकाराशी आधी बोलावं लागतं. भावाची जागाही दुभाषी आणि नट दोघे एका नजरेत येतील अशी लागते, पहिली रांग कायम चांगली असं नाही.

मामांसाठी वेगळी गोष्ट आहे. बऱ्याच श्रवणयंत्रांत टी नावाची सेटिंग असते. प्रेक्षागृहाच्या फरशीखाली तारेचं एक वेढं टाकतात, ते ध्वनियंत्रणेला जोडतात, आणि टी लावलं की माइकचा आवाज चुंबकीय लहरींवाटे थेट यंत्रात येतो. मधला खोकला, पिशव्यांची कुरकुर, मागच्या रांगेतल्या गप्पा, सगळं गायब. इथे कोणाला आपल्या भागात असं वेढं असलेलं सभागृह माहीत असेल तर कृपया लिहा. यंत्र विकणाऱ्याने मामांना टी कशासाठी असतं तेही सांगितलं नव्हतं.

आम्ही एक युक्ती करतो. नाटक पुस्तकरूपात आलेलं असेल तर भाऊ आधी वाचून घेतो. नसेल तर निर्मात्याला संहितेबद्दल विचारतो. काही जण देत नाहीत, त्यांना चोरीची भीती असते, समजू शकते. एकांनी मात्र प्रयोगाच्या आधी मेकअपच्या खोलीत बसवून वाचायला दिली आणि निघताना परत घेतली. तोही मार्ग आहे.

ऋतुजा_खारघर

मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. मे महिन्यात बालनाट्यांची रांग लागते आणि दर वेळी आमची घालमेल. त्याला नाटक हवं असतं. त्याला नको असतो तो अचानकचा मिट्ट काळोख आणि स्पीकर फाटेल असा राक्षसाचा आवाज. कान झाकून ओरडतो, मग आजूबाजूचे आई-बाप आमच्याकडे बघतात. एका बाईंनी तर संस्कारांवर सुनावलं.

परदेशात अशा मुलांसाठी वेगळे निवांत प्रयोग करतात. नाटक तेच. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण बंद करत नाहीत, मोठे आवाज थोडे खाली आणतात, उठलं, फिरलं, बाहेर जाऊन परत आलं तरी चालतं. बाहेर एक शांत खोली. आणि आधी चित्रांची गोष्ट देतात: हे दार, इथे रांग, इथे काका तिकीट फाडतील, मग घंटा वाजेल, मग अंधार होईल. आमच्या मुलांना काय होणार ते आधी कळलं की निम्मी भीती जाते.

वाशीत महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, विशेष मुलांचं शिक्षण आणि प्रशिक्षण तिथे चालतं. एखाद्या संस्थेने रंगीत तालीमच तिथल्या मुलांसमोर करावी. प्रेक्षक मिळेल, आणि नटांना कळेल की मुलगा मध्येच उठून रंगमंचापाशी आला तर घाबरायचं नसतं.

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा मात्र आम्ही आता ओळखीच्यांच्या गच्चीतून बघतो. ढोल-ताशा खाली, आम्ही चौथ्या मजल्यावर, कानावर हेडफोन. त्याला ध्वज मोजायला आवडतात.

नौपाड्याचे आजोबा

वय ८१. मला काहीही अपंगत्व नाही असे माझे मत आहे, मुलीचे वेगळे आहे. मध्यंतर पंधरा मिनिटांचे. त्यात जिना उतरणे, स्वच्छतागृहाची रांग, बटाटेवडा आणि जिना चढणे एवढे बसत नाही. यातले काय सोडावे ते दर वेळी वड्यावर येते. मध्यंतर पंचवीस मिनिटांचे करा. रॅम्प नंतर बघू.

तिसरी घंटा

आजोबा, पंचवीस मिनिटं केली तर रात्रीच्या प्रयोगानंतर लोकांची गाडी चुकते. पण ज्येष्ठांना वडा जागेवर आणून देता येईल. सांगतो उपाहारगृहवाल्याला.

स्पष्टवक्ता

वाचतोय सगळं. ॲपचं, जाहिरातीचं, जागा राखण्याचं पटलं, कारण त्यात खर्च नाही. फुटपाथबद्दल मी अजून माझ्या म्हणण्यावर आहे. नाट्यगृहाच्या दारात १:१२ चा रॅम्प आणि दारापासून पन्नास पावलांवर फुटपाथावर आडवे लावलेले लोखंडी खांब. दुचाकी चढू नये म्हणून लावलेत, व्हीलचेअरही चढत नाही. ते कोणाच्या खात्यात?

भूमितीवाला

त्यात तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. दोन खांबांत ९०० मिलिमीटर अंतर ठेवलं तर खुर्ची जाते. दुचाकीही जाते, हा त्यातला खरा वाद. मग तिथे पोलीस उभा करायचा की खांब, हे ठरवावं लागतं आणि खांब स्वस्त पडतो.

सागरविहार (धागाकर्ता)

कायद्याचं थोडं लिहितो, कारण पत्र लिहिताना ते उपयोगी पडतं. "कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" असं लिहिलेली पत्रं मी खूप पाहिली आहेत. सहानुभूती मागायची गरज नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत, स्वमग्नताही आली. कलम २९ संस्कृती आणि करमणुकीबद्दलच आहे. कला अपंगांच्या आवाक्यात आणणं आणि अपंग कलाकारांना, लेखकांना सहाय्य देणं, दोन्ही त्यात आहे. म्हणजे तिसरी घंटांचा रंगपटाचा मुद्दा कायद्यात बसतो. कलम ४४ म्हणतं, सुगम्यतेचे (अपंगांना सहज वापरता येण्याचे) नियम पाळल्याशिवाय इमारतीला बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींबद्दल: नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य करायच्या. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्येच उलटली.

राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष वेगळे काढून तयार करायला केंद्राला तीन महिने दिले. मूळ याचिका २००५ ची होती, एका दृष्टिहीन माणसाने केलेली.

पत्र कुणाला? आधी महापालिकेला. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, त्याच्या नावे द्या आणि पोच घ्या. तिथे काही हाललं नाही तर दिव्यांग आयुक्त, कार्यालय पुण्यात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही आहे. पैसे नाहीत असं उत्तर आलं तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी अपंगांसाठी राखून ठेवायचा असतो, त्यातला किती खर्च झाला ते माहिती अधिकारात विचारा.

पण तिसरी घंटांनी सांगितलेली चार मालकांची गोष्ट मला या सगळ्या कलमांपेक्षा जास्त उपयोगाची वाटते. त्यामुळे पत्रात मी एकच मागणी पुढे ठेवणार आहे. प्रत्येक नाट्यगृहाच्या माहितीत एका माणसाचा हुद्दा आणि फोन असावा, ज्याला खुर्चीची जागा, किल्ली आणि मागचं दार या तिन्हींबद्दल बोलता येईल. आणि इमारतीचं मोजमाप, पायऱ्या, दारं, स्वच्छतागृह, आहे तसं लिहावं. "पाच पायऱ्या आहेत, रॅम्प नाही" असं खरं लिहिलं तरी मला चालेल, मी येणार की नाही ते मी ठरवीन.

पाम_बीच_रोड

धागा आजच पाहिला. घारापुरीबद्दल विचारायचं आहे. वडील व्हीलचेअरवर, पण हात धरून चार पावलं टाकतात. नेता येईल का?

ऐरोली_७

बोटीत चढणं हाच कठीण भाग. बोट हलत असते आणि भरती-ओहोटीप्रमाणे धक्क्यापासून वर-खाली होते. दोन दणकट माणसं सोबत ठेवा. बेटावर उतरल्यावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असते. पुढे साधारण १२० पायऱ्या, दुतर्फा दुकानं. तिथे डोलीवाले मिळतात, खुर्चीला दोन बांबू लावून चौघे उचलतात. भाव आधी ठरवा, जाऊन-येऊन असा. वर पोचलं की मुख्य लेणं बरंचसं सपाट आहे. सोमवारी बंद असतं. पावसाळ्यात नका नेऊ.

सागरविहार (धागाकर्ता)

भर घालतो: घडीची हलकी व्हीलचेअर असेल तर तीही वर न्या, कुणीतरी हातात घेऊन चढू शकतं. नाहीतर डोलीतून उतरल्यावर वडील लेण्यात एकाच जागी बसून राहतील.

पाम_बीच_रोड

खुर्ची बॅटरीची आहे, चाळीस किलोच्या वर.

सागरविहार (धागाकर्ता)

मग ती घरी ठेवा. त्या दिवसापुरती साधी भाड्याने घ्या, औषधांच्या आणि सर्जिकल सामानाच्या दुकानांत मिळते. पायाची पाटी निघणारी मागा, आणि घेताना ब्रेक दोन्ही बाजूंचे लावून बघा.